चौकाखालचा कोळसा

उल्याना देर्काचचं पत्र आलं तेव्हा अंगणातला बर्फ वितळत होता. पुढचा बर्फ पडायला लागला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. ते पावाच्या डब्याखाली होतं. रोज सकाळी पाव काढताना ते मला दिसायचं, आणि मी डबा पुन्हा नीट त्याच्यावर ठेवायचो.

उल्याना आमच्या चार नंबरच्या खाणीची सर्व्हेअर. लहानपणी ती माझ्या वाचनालयात खिडकीजवळच्या खुर्चीवर पाय वर घेऊन वाचत बसायची, म्हणून मला काका म्हणते. पत्र कंपनीच्या कागदावर होतं, पण भाषा तिची होती.

'काका, चौकाखाली जाड थर आहे. एकसष्ट साली वर पुतळा बसवला तेव्हा त्याच्या खालचा कोळसा काढायचा नाही असं ठरलं, हे तुम्हाला माहीतच आहे. पुतळा गेला, कोळसा तसाच आहे. चार नंबरमध्ये दोन हिवाळ्यांपुरताच माल उरलाय. चौकाखालचा काढला तर खाण आणखी सहा-सात वर्षं चालेल. पण चौकात जतन करण्याजोगं काय आहे ते गावाच्या वारसा समितीनं लेखी कळवायला हवं. समितीत आता तुम्ही एकटेच उरलात. तुम्ही ज्या इमारतीचं नाव लिहाल तिला आम्ही पट्टा बांधू. मात्र पोलाद एकाच इमारतीपुरतं आहे. नवीन मिळणार नाही. नवीन सगळं लढाईकडे जातं, ते तुम्हाला ठाऊक आहे.'

कोळसा काढला की वरची जमीन बसते. चोर्नोलोझमध्ये हे शाळेत जायच्या आधीच कळतं. आमच्याकडे घराच्या भिंतींवर तडा गेला की त्यावर कागदाची पट्टी चिकटवतात. पट्टी फाटली, म्हणजे जमीन अजून चालतेय. कोबीची शेतं होती तिथे आता तळं आहे, आणि त्यात बदकं आहेत. घंटाघर इतकं कललंय की लग्नाच्या फोटोत सगळं वऱ्हाड मान वाकडी करून उभं राहतं. एकटा चौक तेवढा बसला नाही. पूर्वी तो सपाट रस्त्याच्या पातळीवर होता, आता तिथे जायला म्हाताऱ्यांना चढ लागतो. चौक वर आला नाही, आम्ही खाली गेलो.

पुतळ्याचा चौथरा अजून आहे. हात पुढे केलेला तो गृहस्थ नव्वद साली क्रेननं उतरवला. आता तिथे उन्हाळ्यात पेटुनियाची कुंडी असते, हिवाळ्यात काही नसतं. लोक म्हणतात, अख्ख्या देशात इतका भक्कम पाया कुठल्या कुंडीला मिळालेला नाही.

चौथऱ्याच्या एका बाजूला खांबांचं कामगार भवन. त्याच्याच डाव्या भागात माझं वाचनालय. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नंतर आलेली मुलगी पोलंडला गेली आणि किल्ली पुन्हा माझ्याकडे आली. भवनात आतून छताला प्लास्टरची द्राक्षं आहेत. आमच्या थंडीत द्राक्ष कुणी पाहिलेलं नव्हतं. घडवणाऱ्यानं बहुतेक मनानंच केली, म्हणून प्रत्येक घड वेगळा आहे. दुसऱ्या बाजूला हमामखाना, धुराडं आणि फुटलेल्या फरशीच्या पायऱ्यांसकट. मधल्या लिंडनच्या झाडांखाली या लढाईत गेलेल्या आमच्या मुलांची छायाचित्रं उभी आहेत. तिथून जाताना माणसं आवाज खाली करतात.

पट्टा म्हणजे इमारतीभोवती बांधायचे पोलादी दांडे. प्रत्येक मजल्यावर भिंतीतून ओवायचे आणि कोपऱ्यात आवळायचे. मग जमीन बसली तरी इमारत एकसंध खाली जाते. पट्टा नसेल तर फाटते.

उत्तर सोपं वाटेल. मला ते जमलं नाही. 'वाचनालय' असं लिहायला बसलो की वाटायचं, हे समिती लिहितेय की आपली खुर्ची जाईल म्हणून घाबरलेला म्हातारा? वाचनालय वगळायचं म्हटलं की वाटायचं, त्याग केल्याचा मोठेपणा मिरवायचाय का आपल्याला? 'सगळंच मोलाचं' असंही लिहिता आलं असतं. मग कोळसा तसाच राहिला असता, दोन हिवाळ्यांनी खाण बंद झाली असती, आणि आमच्याकडे खाण बंद झाली की काय उरतं ते दोन नंबरच्या वस्तीत जाऊन बघावं. तिथे पडदेसुद्धा उरलेले नाहीत.

म्हणून मी डबा नीट ठेवत राहिलो.

नोव्हेंबरात उल्याना स्वतःच वाचनालयात आली. बुटांचा चिखल तिनं दारातच झटकला आणि जुन्या खुर्चीत बसली. या वेळी पाय खाली होते.

"काका, पत्र मिळालं ना?"

"मिळालं."

"मग?"

"विचार करतोय."

"आठ महिने?"

"माझा विचार हळू चालतो, उल्याना."

"तुमचा विचार वाटेत झोपतो," ती म्हणाली, पण रागानं नाही. "वर्वारेच्या सणाच्या आत कागद कंपनीच्या मुख्य कचेरीत पोचला पाहिजे. नंतर आला तर ते पट्टा न बांधताच काढायला सुरुवात करतील. मग दोन्ही फाटतील, तुमचंही आणि समोरचंही."

संत वर्वारा खाणवाल्यांची. तिचा सण डिसेंबरच्या सुरुवातीला असतो.

"किती बसेल?" मी विचारलं.

तिनं उठून भिंतीशी हात धरला, माझ्या खांद्याच्या उंचीला. "वर्षभरात एवढं. सावकाश. तुम्ही फक्त नाव लिहा. कारण लिहा. तुम्हाला लिहिता येतं की!"

ती गेल्यावर मी छताकडे बघत बसलो. कारण लिहायचं होतं, तिथेच तर अडत होतं.

त्याच आठवड्यात वीजकेंद्रांवर मारा झाला आणि गावाची वीज गेली. विजेबरोबर पाणी गेलं, पाण्याबरोबर घराघरातली ऊब गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात कुणीतरी ओरडत गेलं, "हमाम चालू आहे! बंब कोळशावर आहे, पाणी विहिरीचं आहे, चला!"

मी हमामात जात नाही. चारचौघांत कपडे काढायची मला पहिल्यापासून लाज. घरी तांब्या-बादली करतो. पण घरात नळच कोरडा होता आणि माझ्या कोटालाही माझा वास यायला लागला होता. टॉवेल वर्तमानपत्रात गुंडाळला, जणू काही मासे नेतोय, आणि निघालो.

रांग चौथऱ्यापर्यंत आली होती. दारात तेक्ल्या उभी होती, हातात झाडू. तेक्ल्या माझ्याच वयाची, माझी शेजारीण. खाणीत कोळसा निवडायच्या सरकत्या पट्ट्यावर तिचा जन्म गेला, आणि आता ती हमामाचं दार सांभाळते. दार कसलं, सीमा सांभाळते.

"आलं! वाचनालय अंघोळीला आलं!" ती ओरडली. "अरे, कुणीतरी लिहून ठेवा रे! झेनोन, तू मागच्या खेपेला आलास तेव्हा मला दात होते."

रांग हसली. मी टोपी खाली ओढली.

"मासे आणलेत का काका?" मागचा एकजण म्हणाला.

"शिजवायचेत त्यांना," तेक्ल्या म्हणाली. "मागे सरका सगळे. आज आधी बसमधली माणसं. पूर्वेकडून आलीत, चार दिवस अंगावरचे कपडे उतरले नाहीत त्यांचे. कुरकुर कोण करतंय? पेत्रोची बायको? बाई, तू गेल्या आठवड्यात न्हालीस, मी पाहिलंय. जरा थांबलीस तर नाही मरत."

बसमधली माणसं पायऱ्यांवर बसली होती, पोरं मांडीवर घेऊन. ती आत जाऊ लागली आणि आम्ही उभे राहिलो. थंडी हाडात शिरत होती. वेळ काढायला कुणीतरी तेक्ल्याला म्हणालं, "मावशी, ती उशीची गोष्ट सांगा की."

ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना येते. तरी ती तिच्याच तोंडून ऐकायची असते.

"चोपन्न सालची," तेक्ल्या म्हणाली. "तेव्हा इथे काय होतं? बरॅकी. एका खोलीत दोन बिऱ्हाडं, मध्ये चादर. चादरीपलीकडचा घोरला की अलीकडची कूस बदलायची. बाप खाणीतून यायचा तो डांबरासारखा. हिवाळ्यात अंगण गोठलेलं, धुवायचं कुठे? बादलीत तोंड बुडवायचा आणि झोपायचा. सकाळी आईच्या उशीवर त्याचं डोकं उमटलेलं, नाकडोळ्यांसकट. आई म्हणायची, दोन नवरे आहेत मला, एक कामावर जातो, एक उशीवर राहतो."

"मग विटा आल्या," पुढचा एक म्हणाला.

"तू सांगतोस का मी सांगू? विटा आल्या. पण नकाशात पहिलं भवन, मग दुकान, मग कचेरी. हमाम सगळ्यात शेवटी. ट्रक चौकाजवळ आले आणि बायका रस्त्यात बसल्या. अंगावर पाजणाऱ्या सगळ्यात पुढे, म्हणजे ड्रायव्हरला मान वर करता येऊ नये. कातडी कोटातला साहेब आला. म्हणतो, बायांनो, नकाशा मंजूर आहे. माझ्या आईनं उशीचा अभ्रा आणला होता. त्याच्या पांढऱ्या कॉलरवर चांगला घासला आणि म्हणाली, आता घरी जा, आणि असाच झोप बायकोशेजारी. उद्या ये आणि सांग काय मंजूर आहे ते."

"आला का?"

"तो कशाला येतोय! विटा आल्या. या बाजूला उतरल्या." तिनं झाडूचा दांडा मागच्या भिंतीवर ठोकला. "ही गावातली पहिली पक्की इमारत. आपण सगळे तेव्हा अजून लाकडात राहत होतो, पण अंघोळ विटांत करत होतो. चला, पुढचे पाच! झेनोन, कोट काढ, तिथे काय वाचायचं नाहीये."

आत वाफ इतकी होती की मला जरा धीर आला. कोण कुणाला दिसत नव्हतं. मी कोपरा धरला आणि कपड्यांचा तपकिरी साबण अंगाला लावला. खाणवाले तोच वापरतात, वासाच्या साबणानं कोळसा जात नाही म्हणतात.

"काका, पाठ?"

शेजारी एक आडदांड माणूस पाठ करून उभा होता. हमामात हे दोनदा विचारायचं नसतं. आपला हात आपल्या पाठीला पोचत नाही, म्हणून जो शेजारी असेल त्याची आपण घासायची, मग तो खाणीचा मॅनेजर असो की घोडेवाला. मी काथ्याची घासणी घेतली. त्याच्या खांद्यांवर निळ्या रेघा होत्या. खाणीत जखम झाली की कोळसा आत राहतो आणि कातडी वरून मिटते.

"जोरात हो! पानं उलटताय का?"

"तुम्हाला कसं कळलं मी वाचनालयात असतो?"

"मला कुठे कळलंय? तुमचे हात सांगतायत. गुदगुल्या होतायत मला."

त्याचं नाव मकार. बसमधून आला होता, सासूला घेऊन. पंपांची वीज तोडल्यावर त्याची खाण पाण्यानं भरली होती. डोळ्यांच्या कडांना अजून काजळ होतं. खाणवाल्यांच्या डोळ्यांतलं ते सगळ्यात शेवटी जातं.

आठ महिने जे डोक्यात होतं तेच तोंडातून निघालं. "तुमच्या गावात बघण्यासारखं काय होतं?"

त्यानं तांब्याभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

"बघण्यासारखं? कुणी बघायला येतच नव्हतं. मातीचा डोंगर होता, पावसात त्यातून धूर निघायचा. चौथऱ्यावर एक रणगाडा होता, पोरं त्याच्या नळीत बाटल्या लपवायची. आणि एक हमाम. असाच, पण आमची फरशी हिरवी. पाळी सुटायची वेळ झाली की बाहेर बाकावर बायका येऊन बसायच्या. धुऊन निघालेली माणसं मोजायच्या, आपला दिसला की मग उठायच्या. माझी बायको मला त्या बाकावरच सापडली. ती दुसऱ्याच कुणाची वाट बघत होती." तो हसला. "वळा आता."

त्यानं माझी पाठ घासली. मला वाटलं सालटी निघतायत. मी दात आवळून उभा राहिलो. कित्येक वर्षांत माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता.

"आता तुमचं गाव," तो म्हणाला. "काय आहे इथे?"

"हे," मी म्हणालो. मी काही ठरवून बोललो नव्हतो. पण शब्द निघाला तेव्हा तो खरा आहे हे मला कळलं, आणि मला भीतीही वाटली.

बाहेर आल्यावर कुणीतरी माझ्या हातात चहा आणि खारवलेली चरबी लावलेला पाव दिला. डोक्यातून वाफ निघत होती. समोर भवनाच्या खिडक्या अंधाऱ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून विचार करत राहिलो, आणि तो विचार तसा मजुराचाच होता: काय उचलता येतं आणि काय नाही. पुस्तक उचलता येतं. एक माणूस दहा नेतो. बंब उचलता येत नाही, भट्टी उचलता येत नाही. द्राक्षंही उचलता येत नाहीत. तिथे मी थांबलो. द्राक्षं जातील. प्रत्येक घड मला ओळखीचा आहे. दाराजवळच्या एकाला अकराच मणी आहेत. ते जातील. हे मी दोन-तीनदा स्वतःला सांगितलं, हाताला खडा टोचतो का बघावं तसं. टोचत होता. तरी उत्तर तेच राहिलं.

"तेक्ल्या," मी म्हणालो, "तुझ्या घरी एक फडताळ मावेल?"

"कशाचं?"

"पुस्तकांचं. वाचनालय हलवायचंय. प्रत्येक घरी एक फडताळ. ज्याला हवं त्यानं त्या घरी जाऊन न्यायचं."

तिनं झाडू भिंतीला टेकवला. माझ्याकडे नीट बघितलं. पट्ट्याची बातमी गावात कुणाला नव्हती असं नाही.

"कसली पुस्तकं देणार?"

"भूगोलाची."

"भूगोल तुझ्या घरी ठेव. मला प्रेमाची दे. शेवटी बाई मरते तसली."

"मला गुन्ह्यांची!" रांगेतून आवाज आला.

"तू आधी नेलेली दोन परत कर," मी म्हणालो. माझा आवाज एवढा मोठा कसा आला कुणास ठाऊक. रांग खदखदली.

"माझ्याकडे शिवणाची द्या."

"आमच्याकडे पोरांची. पण वर चढून फाडतील."

"फाडू देत. चिकटवू," मी म्हणालो.

उल्याना बायकांच्या दारातून बाहेर आली होती, ओल्या केसांवर रुमाल बांधून. तिनं सगळं ऐकलं. ती मला बाजूला, लिंडनखाली घेऊन गेली.

"काका, तुम्ही वाचनालयाचं नाव लिहिणार नाही?"

"नाही. हमाम."

"मी भवनाच्या पट्ट्याचा नकाशा काढून ठेवलाय. मार्चमध्येच काढला होता. मला वाटलं, तुम्ही..." तिचा आवाज घसरला. "मी तिथे वाढले. घरी बाप प्यायचा, मी तुमच्या खुर्चीत बसायचे."

मी म्हणालो, "ती खुर्ची तू ने."

ती रडता रडता चिडली. "खुर्चीचं काय घेऊन बसलात! पक्कं आहे का हे? उद्या बदलाल. तुम्हाला मी ओळखते. परवा येऊन म्हणाल, जरा विचार करतो."

"बदलणार नाही."

"मग इथेच सांगितलंत, झालं. मी टाइप करते, तुम्ही सही करा."

"नाही. मी लिहितो. कारण मला लिहायचंय."

तिनं नाक पुसलं आणि हमामाच्या कोपऱ्याकडे बघितलं, नंतर धुराड्याकडे, आणि मला दिसलं की ती मोजायला लागलीय. "धुराड्याला वेगळा घेर लागेल," ती म्हणाली. "वरून खाली तीन. दांडे पुरवायला लागतील." आणि मला तिथेच सोडून ती भिंतीकडे निघाली, रुमाल सुटतोय याचं भान न ठेवता.

लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या, मेणबत्तीच्या. पहिल्या कागदावर मी गावाचा इतिहास दगडी युगापासून सुरू केला होता. तो चुलीत गेला. दुसऱ्यावर वाचून बघितलं तर प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'बहुधा' किंवा 'माझ्या अल्प मतीप्रमाणे' होतं. ते एकेक करून खोडले. खोडल्यावर कागद लहान झाला, पण उभा राहिला.

'चोर्नोलोझच्या चौकातील जतन करण्याजोगी वास्तू: हमामखाना. बांधला चोपन्न साली. नकाशात तो शेवटी होता. गावातील बायकांनी रस्ता अडवून तो पहिला बांधून घेतला. गावातील ही पहिली पक्की इमारत. या हिवाळ्यात वीज नसताना गावाला आणि पूर्वेकडून आलेल्यांना गरम पाणी इथेच मिळाले. तो दुसरीकडे हलवता येत नाही. पट्टा त्याला बांधावा, धुराड्यासह.

'कामगार भवनाच्या छतावरील द्राक्षे सुंदर आहेत. ती उतरवता येणार नाहीत. खोदाईपूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक घडाचे वेगळे. वाचनालयातील पुस्तके गावकरी हलवतील, त्यासाठी नाताळापर्यंत मुदत द्यावी. लिंडनखालील छायाचित्रे त्या त्या घरच्यांना विचारल्याशिवाय हलवू नयेत.

'उत्तरास उशीर झाला. कोळसा काढावा.'

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ते खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. खाली नाव लिहिलं, आणि नावाखाली 'वारसा समिती', कारण दुसरं कुणी नव्हतं.

टपालाची गाडी आता आठवड्यातून दोनदा येते आणि चौथऱ्याजवळ उभी राहते. शुक्रवारी सकाळी मी गेलो तेव्हा भवनाच्या दारात मकार आणि आणखी दोघं पहिलं फडताळ तिरकं करून बाहेर काढत होते. तेक्ल्या त्यांना कुठून वळायचं ते सांगत होती, आणि तिघंही तिचं ऐकत नव्हते.

"साधं की रजिस्टर?" गाडीतल्या मुलीनं विचारलं.

"रजिस्टर," मी म्हणालो. "आणि आजच जाऊ दे."

"आजच जातं, काका. उद्याचं कोण ठेवतंय इथे."

तिनं लिफाफा तराजूवर ठेवला, शिक्का मारला आणि मागच्या गोणीत टाकला.